मुळाक्षरें गिरविणारा खेळाडू

मैदानावर दोन जातींचे खेळाडू आढळतात. एकाच्या हातीं चेंडू आला कीं प्रेक्षक उठून उभे राहतात. दुसऱ्याच्या हातीं चेंडू आला कीं त्याचे सोबती निर्धास्त होतात. पहिल्याची कीर्ति लवकर पसरते. दुसऱ्याची किंमत त्याच्या संघास ठाऊक असते, आणि प्रतिपक्षास तर त्याहूनही अधिक ठाऊक असते. अमेरिकेंतील टिम डंकन हा या दुसऱ्या जातीचा. एकोणीस वर्षें तो एकाच संघांतून व्यावसायिक बास्केटबॉल खेळला, त्या काळांत त्या संघानें पांच वेळां अजिंक्यपद मिळविलें, आणि इतकें होऊनही 'खेळ चांगला, पण पाहावयास कंटाळवाणा' हा शेरा कित्येक वर्षें त्याच्या पाठीस लागलेला होता. या शेऱ्याविषयीं आमच्या विद्यार्थिवर्गाशीं चार शब्द बोलावे, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आम्ही वर्गांत भूमिति शिकवितों आणि सायंकाळीं शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानावर उभे राहतों. चेंडूंच्या कपाटाची किल्ली गेलीं अठरा वर्षें आमच्याच खिशांत आहे. आम्ही स्वतः कांहीं मोठे खेळाडू नव्हतों. कॉलेजच्या संघांत बहुधा बांकावर बसून इतरांचा खेळ पाहिला, आणि पाहण्याचा जो छंद तेथें जडला तो मात्र कायमचा. हल्लीं मुलें मोबाइलवर परदेशचे सामने पाहतात व दुसऱ्या दिवशीं त्यांतल्या करामती मैदानावर करून पाहतात. त्यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु "सर, तुमचा आवडता खेळाडू कोण?" असें त्यांनीं विचारलें आणि आम्हीं डंकनचें नांव घेतलें, कीं मुलांचे चेहरे पडतात. कोणीतरी हळूच म्हणतो, "सर, तो नुसता फळीवर चेंडू मारायचा!" हें वाक्य दोष म्हणून उच्चारलें जातें. आमच्या मतें तीच त्याची थोरवी होय. ती कशी, हें पुढें पाहूं.

प्रथम त्या फळीविषयीं दोन शब्द. सन १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें वाय्. एम्. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें हा खेळ योजिला. बाहेर कडक हिवाळा. आंत कंटाळलेले अठरा तरुण. नेस्मिथनें पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला १० फूट उंचीवर ठोकल्या, १३ नियम लिहून काढले, आणि खेळ सुरू केला. फळी तेव्हां नव्हतीच. पुढें सज्जांत बसलेले प्रेक्षक हात घालून आपल्या बाजूचा चेंडू टोपलींत ढकलूं लागले व परक्याचा अडवूं लागले, म्हणून टोपलीच्या मागें आडोसा घालावा लागला. म्हणजे ज्या फळीला आज आपण खेळाचें अंग समजतों, ती मुळांत आगाऊ प्रेक्षकांचा बंदोबस्त करण्यासाठीं लावलेली होती! भारतांतही हा खेळ वाय्. एम्. सी. ए. च्याच द्वारें आला. मद्रास येथें हॅरी क्रो बक यांनीं सन १९२० मध्यें शारीरिक शिक्षणाची जी शाळा काढली, तिच्यांतून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनीं तो अनेक शाळांच्या अंगणांत नेला. आणि मुंबईच्या नागपाड्यांत तर तो गल्लींतल्या मुलांचा खेळ होऊन गेला. तात्पर्य, हा खेळ एका शिक्षकानें शोधिला व शिक्षकांनींच पसरविला. तेव्हां एका शिक्षकानें त्याविषयीं लिहिण्यांत अधिकाराबाहेरचें कांहीं नाहीं, अशी आम्ही आपली समजूत करून घेतों.

टिम डंकनचा जन्म २५ एप्रिल १९७६ रोजीं कॅरिबियन समुद्रांतील सेंट क्रॉय या लहानशा बेटावर झाला. हें बेट अमेरिकेच्या ताब्यांतील व्हर्जिन बेटांपैकीं एक. वडील गवंडीकाम करीत. आई सुईण होती. मुलाचें लक्ष बास्केटबॉलकडे नव्हतेंच. तो पोहणारा होता. त्याची थोरली बहीण सन १९८८ च्या सोल येथील ऑलिंपिक सामन्यांत पोहली होती, आणि ४०० मीटरच्या शर्यतींत हाही आपल्या वयाच्या मुलांत फार पुढें होता. परंतु सन १९८९ च्या सप्टेंबरांत 'ह्यूगो' नांवाचें चक्रीवादळ बेटावर कोसळलें आणि सरावाचा मोठा तलाव उद्ध्वस्त झाला. समुद्रांत पोहावें, तर मुलाला शार्क माशांचें भय. पुढच्याच वर्षीं, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, त्याची आई कर्करोगानें वारली. पोहणें तेथेंच संपलें. ज्या वयांत इतर मुलें या खेळांत चांगलीं तयार झालेलीं असतात, त्या वयांत बहिणीच्या नवऱ्यापाशीं या मुलानें बास्केटबॉलचीं मुळाक्षरें गिरवावयास घेतलीं. उशिरां लिहावयास शिकलेला मनुष्य पुष्कळदा अक्षर फार जपून काढतो. डंकनच्या खेळांत आम्हांस तसलें जपलेलें अक्षर दिसतें.

सन १९९३ मध्यें तो उत्तर कॅरोलिनांतील वेक फॉरेस्ट विद्यापीठांत गेला. तेथें दोन वर्षें होतात न होतात तोंच व्यावसायिक संघांचे डोळे त्याच्यावर खिळले. शिक्षण अर्धवट टाकून जाणें त्या देशांत नवलाचें नव्हतें, आणि समोर पैशाची रास होती. परंतु पदवी घेईन असें वचन त्यानें आईस दिलें होतें. तो चारही वर्षें राहिला, मानसशास्त्र विषय घेऊन पदवीधर झाला, आणि मगच निघाला. शेवटच्या वर्षीं कॉलेजांतील सर्वोत्तम खेळाडूस मिळणारें पारितोषिक त्याला मिळालें. तें पारितोषिक नेस्मिथ यांच्याच नांवाचें आहे, हा योगायोग आम्हांस गोड वाटतो.

सन १९९७ मध्यें एन्. बी. ए. च्या निवडींत टेक्सस राज्यांतील सॅन अँटोनियो स्पर्स या संघानें त्याला सर्वांत प्रथम उचललें. आदल्या वर्षीं या संघाचा मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळें जवळजवळ सारें वर्ष बाहेर बसला होता, आणि ८२ सामन्यांपैकीं संघाला अवघे २० जिंकतां आले होते. डंकन आल्यावर पहिल्याच वर्षीं ५६ जिंकले. रॉबिन्सन हा तेव्हां मोठ्या मानाचा मनुष्य. नव्या पोराला वाट द्यावी असें त्याला कोणी सांगितलें असतें तर राग येण्याजोगी गोष्ट होती. पण त्यानें आपण होऊन मध्यभाग या तरुणास मोकळा करून दिला. सन १९९९ मध्यें या दोघांनीं मिळून संघाचें पहिलें अजिंक्यपद आणिलें. थोरल्यानें धाकट्यास जागा कशी द्यावी, हें डंकननें त्या वर्षीं जवळून पाहिलें. आणि पंधरा वर्षांनीं तो धडा त्यानें स्वतः म्हणून दाखविला.

आतां त्याच्या खेळाकडे वळूं. डंकनची जागा 'पॉवर फॉरवर्ड' ची. या जागेवरच्या खेळाडूनें टोपलीजवळ झुंज घ्यावी, हुकलेला चेंडू हस्तगत करावा, आणि जवळून गुण मिळवावे अशी अपेक्षा असते. डंकनची उंची ६ फूट ११ इंच. परंतु उंचीच्या बळावर तो खेळला नाहीं. टोपलीच्या डाव्या अंगाला दहाबारा फुटांवर चेंडू घेऊन तो प्रतिपक्ष्याकडे तोंड करून उभा राही; एक पाऊल पुढें टाकल्यासारखें करी; प्रतिपक्षी जरा मागें सरला कीं चेंडू फळीवर मारी, आणि तो फळीवरून टोपलींत उतरे. एवढेंच. त्यांत उडी मोठी नाहीं, गिरकी नाहीं, आविर्भाव नाहीं. हाच तो 'नुसता फळीवर चेंडू मारणें' !

परंतु आमच्या भूमितीच्या विद्यार्थ्यांनीं येथें किंचित् थांबावें. फळी ६ फूट रुंद व ३½ फूट उंच असते. कड्याच्या वर आंखलेला लहान चौकोन २४ इंच रुंद व १८ इंच उंच. कड्याचा व्यास १८ इंच आणि चेंडूचा साडेनऊ इंचांहून किंचित् कमी. आरशावर प्रकाशाचा किरण ज्या कोनानें पडतो त्याच कोनानें परततो, हें तुम्हीं विज्ञानांत शिकलांच आहां; चेंडूही फळीवरून साधारण तसाच परततो. बोटांनीं त्याला उलटी फिरकी दिलेली असली तर फळीवर आपटल्यावर त्याचा वेग मरतो व तो खालीं वळतो. म्हणून अडचणीचें कडें डोळ्यांपुढें न ठेवतां, चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर नेम धरला तर थोडी चूकही खपून जाते. उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठांतील अभियंत्यांनीं सन २०११ मध्यें संगणकावर लक्षावधि फेकी करून पाहिल्या, तेव्हां जवळच्या पुष्कळ कोनांतून सरळ फेकीपेक्षां फळीवरची फेकच अधिक यशस्वी होते असें त्यांना आढळलें. मग सगळे खेळाडू ती कां वापरीत नाहींत? कारण ती दिसावयास साधी आणि साधावयास कंटाळवाणी आहे. एकाच जागेवरून, एकाच कोनानें, हजारों वेळां फेकल्यावांचून ती हाताला येत नाहीं. डंकनच्या खेळाचें सारें रहस्य या एका वाक्यांत आहे.

बचावांतही त्याची हीच रीत. पुष्कळ उंच खेळाडू प्रतिपक्ष्याचा चेंडू असा टोलवितात कीं तो प्रेक्षकांत जाऊन पडतो. टाळ्या मिळतात, पण चेंडू पुन्हां प्रतिपक्ष्याच्याच हातीं जातो. डंकन फारशी उडी न मारतां हात उंच धरून उभा राही आणि चेंडूला हलकेंच हात लावी. मग पुष्कळदा तो चेंडू मैदानांतच राहून त्याच्या सोबत्याला मिळे. त्याच्या नांवावर ३,०२० चेंडू अडविल्याची व १५,०९१ रिबाउंडची नोंद आहे. गुण २६,४९६ आहेत. सन २००३ च्या अंतिम मालिकेंतील सहाव्या सामन्यांत त्यानें २१ गुण मिळविले, २० रिबाउंड घेतले, १० वेळां सोबत्यांच्या हातून गुण करविले आणि ८ चेंडू अडविले. दोन चेंडू आणखी अडविले असते, तर चारही रकान्यांत दोन आंकडी संख्या पडली असती. अंतिम मालिकेंत असें आजवर कोणालाही साधलेलें नाहीं. शकील ओनील या त्याच्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यानें त्याला 'द बिग फंडामेंटल' असें टोपणनांव दिलें. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर 'मोठीं मुळाक्षरें' ! नांवांत थट्टा आहे, पण ही थट्टा त्याच्या अंगावर धावून धावून दमलेल्या मनुष्याची आहे, हें विसरूं नये.

त्याचा खेळ निर्दोष होता असें मात्र कोणी समजूं नये. कोणीही आडवा नसतांना जी फ्री थ्रो घ्यावयाची, ती त्याला कधींच पुरती वश झाली नाहीं. जन्मभराचा हिशेब काढला तर शंभरांत सत्तरही भरत नाहींत. चेहऱ्यावर त्याच्या कांहीं उमटत नसे, म्हणून लोक त्याला दगड म्हणत. आणि गंमत अशी कीं सन २००७ मध्यें एका पंचानें त्याला बांकावर बसून हंसल्याबद्दल मैदानाबाहेर घालविलें! पुढें शिक्षा पंचालाही झाली. ज्याला लोक हंसत नाहीं म्हणून नांवें ठेवीत, त्याला हंसल्याबद्दल दंड व्हावा, ह्यांत शिक्षकाच्या जातीस पुष्कळ बोध आहे.

परंतु माणसाची खरी परीक्षा हरण्यांत होते. सन २०१३ च्या अंतिम मालिकेंत मायामी हीटविरुद्ध स्पर्सनें तीन सामने जिंकले होते. सहाव्या सामन्यांत अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असतां त्यांजकडे ५ गुणांची आघाडी होती. अजिंक्यपद हातांत आलेलें. आणि शेवटच्या पांच सेकंदांवर मायामीच्या रे अ‍ॅलननें दुरून चेंडू टाकून बरोबरी केली. तो सामना गेला. सातव्या सामन्यांत शेवटच्या मिनिटांत २ गुणांची पिछाडी असतां डंकनला टोपलीच्या अगदीं जवळ चेंडू मिळाला; असा नेम त्यानें जन्मांत हजारों वेळां साधला होता. तो हुकला. परत आलेला चेंडूही हुकला. बचावासाठीं मागें धावल्यावर त्या अबोल मनुष्यानें दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. वय सदतीस. लोक म्हणाले, संपलें आतां.

दुसऱ्या वर्षीं तोच संघ त्याच प्रतिपक्ष्याशीं पुन्हां अंतिम मालिका खेळला आणि चार विरुद्ध एक अशी जिंकला. त्या मालिकेंतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव झाला तो डंकनचा नव्हे. बावीस वर्षांच्या कवाय लेनर्डचा. रॉबिन्सननें त्याला जी जागा दिली होती, ती त्यानें अशी पुढें दिली. त्यापूर्वीं सन २०१२ मध्यें, संघाला इतर चांगले खेळाडू ठेवतां यावे म्हणून, आपलें वेतन निम्म्याच्याही खालीं आणण्यास त्यानें मान्यता दिली होती. सन २००० मध्यें ऑरलँडोच्या संघानें त्याला मोठें आमिष दाखविलें असतांही तो सॅन अँटोनियोंतच राहिला होता. आणि ११ जुलै २०१६ रोजीं तो निवृत्त झाला तेव्हां गांवोगांव निरोपाचे समारंभ झाले नाहींत. संघाकडून एक पत्रक निघालें, एवढेंच. पुढें सन २०२० मध्यें नेस्मिथ यांच्या नांवानें स्प्रिंगफील्ड येथें असलेल्या कीर्तिमंदिरासाठीं त्याची निवड झाली. शिक्षकानें जेथें टोपल्या ठोकल्या, त्याच गांवीं त्याचा सर्वांत शिस्तीचा विद्यार्थी जाऊन पोंचला, असें आम्हांस वाटतें.

हें सारें आम्ही कां सांगत आहों? दोन वर्षांमागें आमच्या संघांतला एक मुलगा सरावानंतर जर्सीची घडी करून आम्हांकडे आला. नांव सांगत नाहीं. सांगितलें तर तोच लाजेल. म्हणाला, "सर, ही ठेवून घ्या. मी काय करतों तें कुठें दिसतच नाहीं." तें खरें होतें. गुणांच्या तक्त्यांत तीन सामने मिळून त्याच्या नांवावर चार गुण होते. परंतु आडवा उभा राहून सोबत्याला वाट मोकळी करून देणारा तोच. निसटलेल्या चेंडूवर गुडघे फोडून घेणारा तोच. आम्ही त्याला कांहीं बोललों नाहीं. घरून एक कोरी वही आणिली आणि तिच्यांत निराळे रकाने आंखले: कोणीं किती रिबाउंड घेतले, कोणाच्या पासवर दुसऱ्यानें गुण केला, कोण वेळेवर मागें धावला, पडलेल्याला कोणीं हात दिला. महिन्याअखेर ती वही सर्वांसमोर वाचली. एकही शेरा मारला नाहीं. नुसतीं नांवें व आंकडे वाचले. त्या मुलाचें नांव प्रत्येक रकान्यांत पहिलें आलें. मुलें गप्प झालीं. जर्सी तो घेऊन गेला. जिल्ह्याच्या स्पर्धेंत आम्ही दुसऱ्याच फेरींत हरलों, हेंही सांगितलें पाहिजे; पण परत येतांना गाडींत मुलांनीं मागितली ती गुणांची नव्हे, त्या दुसऱ्या वहीची.

खरें सांगावयाचें तर ती वही आम्हीं केवळ त्या मुलासाठीं केली नव्हती. वर्षानुवर्षें तोच पायथागोरसचा सिद्धांत, तीच प्रमेयें, तेच खडूचे डाग. दोन वेळां मोठ्या शहरांतून अधिक पगाराचें बोलावणें आलें, गेलों नाहीं. घरची कारणें होतीं, आणि या मैदानाचेंही एक कारण होतें. तरी कधीं कधीं सायंकाळीं कपाटाला कुलूप लावतांना मनांत येतें, कीं हें रोजचें गिरविणें कोण मोजतो? जी शंका त्या मुलाच्या मनांत होती तीच आमच्याही. डंकनच्या चरित्राकडे आम्ही उत्तर शोधावयास गेलों, तेव्हां इतकेंच सांपडलें: मोजणारे फार नसतात, पण टेकणारे असतात. मधल्या फळींतला जो गडी डोळे मिटून चेंडू मागें टाकतो, तो मागें डंकन उभा आहे या भरंवशावर टाकतो. हा भरंवसा कोणत्याही तक्त्यांत लिहिलेला नसतो. आणि तो एका दिवसाच्या पराक्रमानें मिळत नाहीं. तीच गोष्ट तशीच, नीट, पुन्हां पुन्हां करणाऱ्याला तो हळूहळू मिळतो. मग शाळेंतला कोणी जुना विद्यार्थी दहा वर्षांनीं भेटून, घराचा जिना बांधतांना काटकोन कसा धरला तें सांगतो, तेव्हां त्या भरंवशाचा थोडासा वांटा आम्हांसही पोंचल्यासारखा वाटतो.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, करामती अवश्य करा; तारुण्य त्यासाठींच आहे. पण मुळाक्षरें गिरविणाऱ्याला कंटाळवाणा म्हणण्यापूर्वीं, आपल्या संघांत कोणाच्या भरंवशावर आपण एवढे उड्या मारतों, याचा एकदां विचार करा. आणि तो सांपडला तर त्याला तसें सांगा. राहतां राहिली फळी. पुढील सत्रापासून प्रत्येकानें डाव्या अंगानें पंचवीस आणि उजव्या अंगानें पंचवीस नेम फळीवर धरल्यावांचून कपाटांतला नवा चेंडू कोणालाही मिळणार नाहीं. किल्ली अजून आमच्याच खिशांत आहे.